१०० एमबीपीएसच्या प्लॅनवर २५-३० च मिळतात. नाशिकमध्ये तक्रार कुठे आणि कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला राहता, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्टमध्ये २५-३० च्या वर जात नाही, आणि कस्टमर केअरला फोन केला की ‘सर, प्लॅन अप टू १०० आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. मी म्हसरूळला राहते, घरून अकाउंटिंगची कामं करते. गेल्या वर्षी हेच सगळं चार महिने भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुठे तक्रार करायची ते सांगतेच, पण त्याआधी एक विचारते. हे २५-३० वायफायवर आले की राउटरला वायर लावून? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वायफायवरचा आकडा घेऊन भांडायला गेलात की पहिल्याच वाक्यात हरता. समोरचा म्हणतो, ‘घरात भिंती आहेत ना सर?’ आणि विषय संपतो.

माझं तसंच झालं होतं. आमचा राउटर हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, वर गणपतीची पितळी मूर्ती. मी कामाला बसते आतल्या खोलीत. लॅपटॉप जुना, त्याला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं. त्या पट्ट्यात अख्ख्या बिल्डिंगचे राउटर एकमेकांत कालवाकालव करत असतात, त्यामुळे तिथे ३०-४० मिळणं काही नवल नाही. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण दोन भिंती ओलांडल्या की दम टाकतं. मी एम. जी. रोडवरून कॅट-६ ची (नेटवर्कची) तयार वायर आणली आणि लॅपटॉप थेट राउटरला जोडला. सकाळी सात वाजता आकडा आला ९४. माझा चेहरा पडला. दोन आठवडे मी ज्या माणसांवर ओरडत होते, त्यातली निम्मी चूक माझ्या शोकेसची निघाली.

(हा ९४ पण लक्षात ठेवा. राउटरचं पोर्ट (वायर खोचायची जागा) १०० चं असेल तर वायरवर ९४-९५ च्या पुढे आकडा जातच नाही. कोणाचा प्लॅन २०० चा असेल आणि बरोब्बर ९४ वर अडकत असेल, तर कंपनीच्या आधी पोर्ट आणि वायर बघावी. वायरच्या आठ तारांपैकी एक जरी तुटली असली तरी जोडणी १०० वर येऊ शकते.)

आणखी एक घोळ आमच्या घरचाच. माझे दीर फाइल उतरवताना ‘१२’ बघून केबलवाल्याला झापून आले होते. ते १२ मेगाबाइट होते. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणजे १०० च्या प्लॅनवर साडेबारा हे पूर्ण माप झालं. दिरांनी अजून माफी मागितलेली नाही.

मग माझी खरी तक्रार काय होती? सकाळी ९४ दाखवणारी तीच वायर, तोच लॅपटॉप, रात्री साडेनऊला १९ दाखवायचा. इथे माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. वही घातली. तारीख, वेळ, वायर की वायफाय, कोणता सर्व्हर (टेस्ट ज्या कॉम्प्युटरशी जोडून मोजते तो), डाउनलोड, अपलोड, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ). दिवसातून तीनदा, चौदा दिवस, प्रत्येकाचा स्क्रीनशॉट. टेस्ट करताना घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही बंद. सकाळचे आकडे ९३-९४, दुपारचे ८० च्या आसपास, रात्री आठ ते अकरा १७ ते २४. रविवारी तर त्याहून वाईट.

आकडे असे वेळेनुसार चढले-उतरले की दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. फायबरचा जोड खराब असेल, वायर दाराच्या फटीत चेपली असेल किंवा फार मुडपली असेल, तर त्रास दिवसभर होतो. नेट मध्येच तुटतं, राउटरवर लाल दिवा लागतो. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडेतिकडे खोदकाम आहे, फायबर तुटते, घाईत जोडली जाते, तेव्हा हेही तपासून घ्याच. लाईनमनला ‘लाईट किती येतेय’ असं विचारा (फायबरमधून येणारा प्रकाश, डीबीएममध्ये मोजतात), त्याच्याकडे मीटर असतो. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम, उणे सत्तावीस-अठ्ठावीसकडे गेली असेल तर जोड नीट करायला लावा. माझ्याकडे उणे एकोणीस होती, म्हणजे लाईन ठणठणीत.

फक्त रात्रीच स्पीड पडत असेल तर मात्र वाटेत गर्दी आहे. तुमच्या घरात येणारी फायबर तुमच्या एकट्याची नसते. कॉलनीतल्या डब्यात स्प्लिटर असतो आणि एकाच फायबरवर बत्तीस किंवा चौसष्ट घरं चालतात. जीपॉन (फायबर घरांत वाटण्याची एक पद्धत) असेल तर त्या सगळ्यांत मिळून साधारण अडीच जीबीपीएस, जुनं ईपॉन असेल तर सव्वा. त्यापुढे तुमच्या भागाच्या फ्रँचायझीने, म्हणजे केबलवाल्याने, वरून किती बँडविड्थ (एकूण क्षमता) घेतलीय हा निराळा प्रश्न. सगळे एकाच वेळी नेट वापरणार नाहीत या हिशेबावर हा धंदा चालतो, आणि त्यात गैर काही नाही. पाण्याची टाकीही त्याच हिशेबावर बांधतात. पण नवीन कनेक्शनं देत सुटायचं आणि टाकी तेवढीच ठेवायची, हे गैर आहे.

आमच्याकडे जो मुलगा आला तो भला होता. त्याने स्वतःच्या फोनवर टेस्ट लावली, ९१ आले. ‘बघा काकू, येतंय ना.’ मी म्हटलं, दादा, सर्व्हर कोणता लागलाय बघ. कंपनीचाच होता. स्पीड टेस्ट बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर आपोआप निवडते आणि तो पुष्कळदा तुमच्याच प्रोव्हायडरचा असतो. म्हणजे गल्लीतल्या गल्लीत गाडी पळवून दाखवायची. पुण्याचा दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर लावायला सांगितला, २१ आले. तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘खरं सांगू का, दिवाळीनंतर बरेच कनेक्शन वाढलेत या लाईनवर.’ लिहून दे म्हटल्यावर हसला. त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवूही नका, त्याची नोकरी आहे. मी तारीख घालून वहीत लिहून ठेवलं.

आता तक्रारीचं. केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर ‘नेट स्लो आहे’ लिहिणं म्हणजे तक्रार नव्हे. कंपनीच्या ॲपवर किंवा कस्टमर केअरला नोंदवा आणि डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो द्यावाच लागतो. माझ्या पहिल्या तीन तक्रारी ‘रिझॉल्व्ड’ म्हणून परस्पर बंद झाल्या, कोणी फिरकलंही नाही. प्रत्येक वेळी मी नवी नोंदवली आणि त्यात मागचा नंबर टाकला. मजकूर कोरडा ठेवा: ‘वायरवर, अमुक सर्व्हरवर, रात्री ८ ते ११, १४ दिवसांत एकदाही २४ च्या वर नाही, सकाळी ९४, लाईट उणे १९.’ शिव्या, पोराची परीक्षा, ‘आम्ही पैसे भरतो’ हे सगळं गाळा. मी पहिल्या मेलमध्ये जीएसटी रिटर्नचं रडगाणं गायलं होतं. शेवटच्या दिवशी, २० तारखेच्या रात्री, ते पोर्टल स्वतःच रांगतं, त्याचं खापर ब्रॉडबँडवर फोडणं बरं नव्हे.

‘अप टू’चं काय? ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत घेतलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त स्पीड हवा असं होतं, पण ते माप कंपनीच्या नोडपासून तुमच्या घरापर्यंतचं, जगातल्या कुठल्याही वेबसाइटपर्यंतचं नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या नियमांच्या जागी नवे नियम लागू झाले. त्यामुळे जुनं ८० टक्के कलम म्हणून तोंडावर फेकू नका. उलट त्यांनाच लेखी विचारा: माझ्या प्लॅनवर गर्दीच्या वेळी कमीत कमी किती स्पीड द्यायला तुम्ही बांधील आहात, आणि तो कुठपासून कुठपर्यंत मोजता? या प्रश्नाला ‘अप टू’ हे उत्तर लेखी द्यायला कोणी धजत नाही. गंमत म्हणजे ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला सरकारी व्याख्येत जानेवारी २०२३ पासून फक्त २ एमबीपीएस लागतात, आधी तर ५१२ केबीपीएस पुरायचे. तेव्हा व्याख्येच्या वाटेला जाऊच नका, त्यात कंपनीच जिंकते.

प्लॅनचा एफयूपी (ठरावीक डेटा संपल्यावर स्पीड कमी करण्याची अट) मात्र बघून घ्या. बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, स्वस्तातल्यांना त्याहून कमी. महिनाअखेरीलाच स्पीड मरत असेल तर कारण तेच.

तक्रारीने भागलं नाही तर पुढची पायरी अपिलाची, आणि बहुतेकांना ती माहीतच नसते. प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकारी असतो, त्याचा मेल आणि पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो (तळाशी, बारीक अक्षरात, शोधा). तक्रारीच्या निकालानंतर किंवा मुदत संपल्यावर ३० दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा. मी वहीची पानं, स्क्रीनशॉट आणि चारही डॉकेट नंबर एका पीडीएफमध्ये जोडले. खालच्या मजल्यावरच्या दोन घरांनीही आपापली अपिलं टाकली. तीन घरं एकाच डब्यावरची आणि तिघांचे रात्रीचे आकडे सारखेच, मग ‘तुमचा राउटर बदला’ कोण म्हणणार?

ट्रायकडे थेट लिहू नका. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडेच परत पाठवते. अपिलानेही झालं नाही तर दूरसंचार विभागाकडे सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरून तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. फोन-इंटरनेटचे वाद तिथे चालत नाहीत असं कोणी सांगेल. २००९ च्या एका निकालामुळे तसं झालंही होतं, पण १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोग ते ऐकू शकतात असं स्पष्ट केलं. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच, दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तरीही साडेतीन-चार हजारांच्या प्लॅनसाठी मी तारखांना गेले नसते, खरं सांगते. कंपनी सोडली असती.

तशी वेळ आली नाही. अपील केल्यावर तेराव्या दिवशी वरच्या ऑफिसातून फोन आला. पहिल्यांदाच कोणीतरी मला ‘मॅडम, ते रात्रीचे आकडे’ असं म्हणालं. आठवड्याभरात आमची तीन घरं कंपनीच्या दुसऱ्या पोर्टवर, म्हणजे वेगळ्या लाईनवर, टाकली आणि एक महिना वाढवून दिला. तोही मागितला तेव्हा. आता रात्री ७० ते ८० मिळतात. शंभर नाहीत, पण मी वही बंद केली. नवीन रिचार्ज मात्र सहा महिन्यांचा केला नाही, दर महिन्याला करते. सवलत जाते, पण सोडून जायची मोकळीक राहते, आणि पैसे आधीच घेऊन बसलेल्या माणसाला आपल्या फोनची घाई नसते.

तर आज रात्री साडेनऊला वायर लावून एक टेस्ट करा, उद्या सकाळी सातला दुसरी, दोन्ही वेळा सर्व्हर हाताने निवडून. दोन्ही आकडे इथे खाली टाका, मग अपिलाचा मजकूर कसा लिहायचा ते बघू.