रक्ताचा डाग आणि झिपची पिशवी

प्रश्न : चोरट्याने खिडकी फोडली, काचेला रक्त लागले. बाहेर पाऊस. पोलीस येईपर्यंत काच झिपच्या पिशवीत ठेवावी का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुळीच नको. पाऊस आत येत असेल तर बाहेरून ताडपत्री बांधा, फक्त ती डागाला टेकता कामा नये. ओला डाग प्लॅस्टिकमध्ये बंद केला की ओल कोंडते, जिवाणू आणि बुरशी वाढतात, डीएनएचे तुकडे पडतात. आपल्याकडे श्रावणात बंद कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी धरते, मग रक्ताचे काय होईल? म्हणून नमुना सावलीत, उन्हाविना, हेअर ड्रायर न लावता वाळवतात आणि कागदी पाकिटात घालतात. काचेचा सुटा तुकडा पाकीट फाडतो. तो अख्खाच पुठ्ठ्याच्या खोक्यात, हलणार नाही असा बसवून पाठवतात.

काच चौकटीतून निघत नसेल तर डाग टिपून घ्यावा लागतो. निर्जंतुक कापसाच्या काडीवर डिस्टिल्ड वॉटरचा एखाददुसरा थेंब टाकून ती डागाच्या कडेकडून मध्याकडे फिरवतात. मग त्याच जागी कोरडी काडी. पहिलीने सुटलेले दुसरी टिपते. पाणी जास्त झाले की डाग पसरतो. तिसरी काडी शेजारच्या स्वच्छ काचेवर फिरवतात, म्हणजे काचेवर आधीपासून काय होते ते कळते. घाईत हीच राहून जाते. हातमोजे दर नमुन्याला नवे.

प्रश्न : डाग केवढा हवा?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : टाचणीच्या डोक्याएवढाही पुरतो. एका पेशीत सुमारे 6.6 पिकोग्रॅम डीएनए असतो आणि चाचणीला साधारण 1 नॅनोग्रॅम, म्हणजे 1000 पिकोग्रॅम, लागतो, तेवढ्याला दीडशेएक पेशी पुरतात. रक्तात त्या पांढऱ्या पेशीच मोजायच्या. तांबड्या पेशींना केंद्रकच नसते. खरी अडचण आकाराची नव्हे, भेसळीची. जीन्सचा निळा रंग, मातीतले ह्युमिक आम्ल, रक्ताला लाल रंग देणारे हीम हे पीसीआरची, म्हणजे चाचणीसाठी डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची, क्रिया रोखतात. त्यामुळे जीन्सवरचा रुपयाएवढा डाग कोरा निघतो आणि काचेवरच्या ठिपक्यातून पूर्ण आराखडा, म्हणजे माणूस ओळखण्याजोगी डीएनएची खूण, मिळतो, असेही होते.

प्रश्न : डीएनए जुळला की चोर पकडला म्हणायचे?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : रक्त कोणाचे एवढेच कळते, केव्हा आणि कसे सांडले ते नाही. काच बसवताना कारागिराचा हात कापला असेल तर आराखडा त्याचाच येईल. म्हणून घरच्यांचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नमुने तुलनेला लागतात. शिवाय पाकीट कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंद तुटली की बचाव पक्षाचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे : नमुना घेतल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाल्यास कारण लिहायचे आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय सील उघडायचे नाही.

आणि जुळवायला दुसरी बाजू लागतेच. डीएनए बँकेची, म्हणजे असे आराखडे साठवून ठेवण्याची, तरतूद असलेले 2019 चे विधेयक केंद्राने 2023 मध्ये मागे घेतले, त्यामुळे संशयित हाती लागेपर्यंत काचेवरचा आराखडा बहुधा नुसता पडून राहतो.