दुसऱ्याच्या कामाचे लाइक

प्रश्न : सहकारिणीनं केलेला आराखडा मी लिंक्डइनवर 'माझा' म्हणून टाकला. ३४० लाइक आले. ती काहीच बोलली नाही. पोस्ट गुपचूप काढून टाकू का?

उत्तर : गुपचूप नको. चूक चारचौघांत झाली, दुरुस्तीही तिथंच करा. पोस्टच्या पहिल्याच ओळीत तिचं नाव घाला. त्याआधी तिला फोन करा. (मेसेज नको, त्यात शब्द फार घासूनपुसून येतात.) महत्त्वाकांक्षेबद्दल मी रागावणार नाही. फेसबुकवर २००९ साली लाइकचं बटण आलं, तेव्हापासून मीही आकडे मोजतेय. एकदा दुसऱ्याचं वाक्य माझं म्हणून खपलं आणि चार दिवस मी गप्प बसले. ती बोलत नाही म्हणजे तिला चालतंय, असं धरू नका. मी तसंच धरलं होतं.