‘एफडीए अप्रूव्हड’ पट्टा छातीला बांधण्याआधी : वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यावर लिहिले होते. त्यावर आजाराबद्दल प्रश्न थोडेच आले, श्वास मोजायला छातीला बांधायच्या पट्ट्याबद्दल आणि त्याच्या डब्यावरच्या शिक्क्यांबद्दलच जास्त. मी डॉक्टर नाही. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांतली यंत्रे दुरुस्त करण्यात माझी वीसेक वर्षे गेली, त्यामुळे उत्तरे यंत्राच्या बाजूने आहेत.

तासगावहून एक निवृत्त शिक्षक विचारतात : डॉक्टरांनी रात्रभर घरी लावायला यंत्र दिले. नाकाला नळी, बोटाला चिमटा, छातीला पट्टा. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘एफडीए अप्रूव्हड’ लिहिले आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, खात्री करून घ्या. खात्री म्हणजे नेमके काय करू?

गुरुजी, पहिला घोळ नावातच आहे. आपल्याकडे एफडीए म्हटले की दिवाळीच्या तोंडावर खव्यावर पडणारी धाड आठवते. ते आपल्या राज्याचे अन्न व औषध प्रशासन. डब्यावरची एफडीए बहुधा अमेरिकेची असते. तिचा कायदा अमेरिकेत विकायच्या मालाला लागू होतो, भारतात विकायला तिचा कागद पुरत नाही.

तरी तो शब्द समजून घ्या, कारण विक्रेते तो फार सैल हाताने वापरतात. अमेरिकेत ‘रजिस्टर्ड’ म्हणजे कारखान्याने आपले नाव-गाव आणि मालाची यादी नोंदवली, एवढेच. त्याचे प्रमाणपत्र एफडीए देतच नाही. सोनेरी किनारीचे सर्टिफिकेट कुणी दाखवले तर ते एजंटाने छापलेले समजा. ‘अप्रूव्हड’ हा शब्द पेसमेकरसारख्या सर्वांत जोखमीच्या यंत्रांसाठी आहे. झोपतपासणीचे श्वासाचे सेन्सर या दोन्हींच्या मध्ये बसतात, ते ‘क्लिअर’ होतात. १९७६ च्या कायदादुरुस्तीतून ही वाट निघाली, कलमाच्या आकड्यावरून तिला ५१०(के) म्हणतात. अमुक एक यंत्र बाजारात आधीपासून कायदेशीर आहे, आमचे त्याच कामाचे आणि तितकेच सुरक्षित आहे, असे कंपनीने मोजमापांसह दाखवायचे असते. सोयरीक जमवताना आधी ‘कुणाच्यातले?’ विचारतात, तसेच हे. मुलाची चौकशी होतेच, पण सुरुवात घराण्यापासून.

क्लिअर झालेल्या यंत्राला ‘के’ अक्षर आणि पुढे सहा आकडे असा नंबर मिळतो. पहिले दोन आकडे वर्षाचे. विक्रेत्याकडे तो मागा. एफडीएच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो, मुलाला बसवा कामाला. पान उघडले की ‘कशासाठी वापरायचे’ हा परिच्छेद आधी वाचा. मोठ्यांसाठी की लहानांसाठी, दवाखान्यात की घरी, आणि कशासाठी वापरायचे नाही. मंजुरी म्हणतात ती त्या चार ओळींपुरतीच असते.

भारतापुरते बघायचे तर डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात लायसन्सचा नंबर शोधा. हे लायसन्स दिल्लीची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, एमडी-१५ या फॉर्मवर देते. आपले वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे, अंमल १ जानेवारी २०१८ पासून, पण सुरुवातीला त्यांत मोजकीच उपकरणे होती. १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग आहेत : कमी जोखमीच्या ए आणि बी वर्गाला लायसन्स १ ऑक्टोबर २०२२ पासून लागले, जास्त जोखमीच्या सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून. त्यामुळे दवाखान्यातल्या जुन्या यंत्रावर नंबर दिसला नाही म्हणून लगेच चोरीचा माल समजू नका. डबा नवा आहे आणि आयातदाराचा पत्ताच नाही, तर मात्र डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.

मिरजेच्या एका स्लीप लॅबमधले टेक्निशियन : मूळ कंपनीचे बेल्ट सैल पडले. खरेदी विभागाने ऑनलाइन स्वस्तातले मागवले. खटका बरोबर बसतो, स्क्रीनवर ग्राफही येतो. मग अडचण काय, असे साहेब विचारतात.

ग्राफ येतो हीच अडचण आहे. आलाच नसता तर तुम्ही त्याच रात्री बेल्ट बदलला असता.

बेल्ट दोन जातींचे असतात. एकात इलॅस्टिकच्या मध्ये पिएझोचा छोटा तुकडा असतो. पट्टा ताणला की तुकडा वीज देतो, म्हणजे सगळ्या छातीचा हिशेब एका जागेवरच्या ताणावरून. दुसऱ्यात पट्ट्याच्या पूर्ण लांबीभर नागमोडी वळणाची बारीक तार शिवलेली असते. छाती फुगली की तारेच्या वेढ्याचे क्षेत्रफळ बदलते, आणि त्याबरोबर तिचा विजेचा गुण. तिला आरआयपी म्हणतात. श्वासासाठी चाललेली धडपड मोजायला अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची नियमावली छाती आणि पोट अशा दोन आरआयपी बेल्टना पसंती देते. बाहेरून दोन्ही जाती सारख्याच दिसतात.

काही वर्षांपूर्वी एका लॅबमध्ये मी रेकॉर्डर दुरुस्त करायला गेलो होतो, रात्री थांबलो. पिएझोचे बेल्ट होते, तेही सैल. पहाटे तीनच्या सुमारास पेशंट डाव्या कुशीवर वळला आणि तुकडा अंगाखाली दबला. नाकाची रेघ सपाट, छातीची सपाट, पोटाचीही जवळजवळ सपाट. कॅमेऱ्यात मात्र त्याचे पोट भात्यासारखे हलत होते. सकाळी रिपोर्ट करणाऱ्याने फक्त रेघा पाहिल्या असत्या तर लिहिले असते ‘सेंट्रल ॲप्निया’, म्हणजे मेंदूने श्वासाचा हुकूमच दिला नाही. खरे होते ते घसा मिटल्यामुळे झालेले ऑब्स्ट्रक्टिव्ह. हवा अडली की छाती आणि पोट एकमेकांच्या उलट झटापट करतात. हुकूमच नसेल तर दोन्ही गप्प. या दोघांत उपचाराची दिशा बदलते, सीपॅप मशीनचा, म्हणजे झोपेत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, प्रकारसुद्धा बदलू शकतो. तीनशे रुपये वाचवलेल्या बेल्टची ही खरी किंमत.

साहेबांना कागदाच्या भाषेत सांगायचे असेल तर हे सांगा. तुमच्या रेकॉर्डरची मंजुरी ठरावीक सेन्सर जोडून घेतलेली असते, त्यांची यादी मॅन्युअलमध्ये असते. खटका बसला म्हणून दुसरा बेल्ट त्या यादीत जात नाही. दुसऱ्या कंपनीचे बेल्ट घेऊच नयेत असे मी म्हणत नाही. काही कंपन्या कुठल्या रेकॉर्डरला आपला बेल्ट चालतो हे मोजून, लिहून देतात. ते लेखी मागा.

दुसरे म्हणजे बेल्टच्या वायरीच्या टोकाची पिन बघा. धातूची पिन उघडी असेल तर बेल्ट त्याच पाकिटात परत पाठवा. अमेरिकेत बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रांच्या अशाच उघड्या पिना घरातल्या विजेच्या वायरीत खुपसल्या गेल्या आणि मुले दगावली. त्यानंतर १९९७ मध्ये तिथे झाकलेल्या पिनांचा नियमच झाला.

आणि मंजुरी मॉडेलला मिळते, तुमच्या हातातल्या नगाला नव्हे. मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर वैधमापनवाले दर खेपेस त्याच काट्याची तपासणी करून शिक्का मारतात. तुमच्या बेल्टवर असा माणूस कधी येत नाही. तो माणूस तुम्हीच. दिवे घालवण्याआधी पेशंटला दहा सेकंद श्वास रोखायला लावा, मग श्वास रोखूनच पोट आत-बाहेर करायला लावा. छातीची आणि पोटाची रेघ उलट दिशेला गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर बेल्ट काढून पुन्हा बांधा, झोपेत काही सुधारणार नाही.

जाता जाता उन्हाळ्याचे सांगतो, तुम्ही विचारले नाही तरी. नाकाखालचा थर्मिस्टर आत जाणारी गार आणि बाहेर येणारी गरम हवा यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला आणि खोली पस्तीस अंशांवर गेली की फरकच उरत नाही. रेघ बारीक होत जाते, माणूस मजेत श्वास घेत असतो. अशा वेळी नाकातल्या प्रेशर कॅन्युलाची, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या नळीची, रेघ आणि बेल्ट बघा. नियमावलीत नाकाचे हे दोन्ही सेन्सर लावायला सांगतात ते उगीच नाही.

कुपवाड एमआयडीसीतले एक लघुउद्योजक : आम्ही कमरेचे आणि गुडघ्याचे इलॅस्टिक पट्टे शिवतो. हे बेल्टही शिवता येतील. परवानगी कुठली?

येथे मात्र आपली, खव्यावाली एफडीए लागते. ए आणि बी वर्गाचे उत्पादन लायसन्स राज्य देते, अर्ज एमडी-३ वर, लायसन्स एमडी-५ वर. सी आणि डी असेल तर सीडीएससीओ. वर्ग ठरतो तुम्ही डब्यावर कोणता वापर लिहिता त्यावर. नुसता, काहीही न मोजणारा, यंत्र जागेवर धरून ठेवणारा पट्टा शिवलात तर ए वर्गातले निर्जंतुक नसलेले, मापन न करणारे उपकरण; त्याला लायसन्स नाही, नोंदणी लागते. त्यात तार शिवून श्वास मोजतो म्हणालात की ती सवलत संपली. शरीराच्या महत्त्वाच्या क्रिया मोजणारे उपकरण साधारण बी मध्ये येते, आणि ज्या बिघाडाने माणसाला तत्काळ धोका होईल अशी देखरेख करतो म्हणालात तर सी मध्ये. म्हणून वापराचे वाक्य मार्केटिंगवाल्याला लिहू देऊ नका.

नमुने करून तपासायलाही आधी एमडी-१३ चे चाचणी लायसन्स घ्यावे लागते, हे पुष्कळ जण विसरतात. मग कापड कातडीला चालते का, वीज सुरक्षित आहे का, शंभर वेळा ताणल्यावर रेघ तीच येते का, याच्या चाचण्या. शिलाई तुम्हाला येतेच. जड जाईल ते रेकॉर्ड ठेवणे : कुठल्या रिळाची तार कुठल्या लॉटमध्ये गेली, हे दोन वर्षांनी विचारले तरी सांगता आले पाहिजे. एखादा माणूस फक्त त्यासाठी ठेवा.

विट्याहून एक भगिनी : मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात कोइम्बतूरला असतात. त्यांच्या घड्याळाने श्वासात अडथळ्याची शक्यता दाखवली. घड्याळावर विश्वास ठेवायचा का?

तपासणीला जाण्यापुरता, हो. सॅमसंग आणि ॲपल यांच्या घड्याळांतल्या अशा सोयींना अमेरिकेच्या एफडीएने २०२४ मध्ये परवानगी दिली, पण मध्यम ते तीव्र त्रासाची खूण दाखवून डॉक्टरांकडे धाडण्यापुरती. निदान करायला नाही. खूण दाखवली नाही म्हणजे आजार नाही, असेही नाही. त्यांनी तिकडेच तपासणी करून घ्यावी, गावी येईपर्यंत थांबू नये. रात्री ट्रक-गाडी चालवत असतील तर नक्कीच.

पलूसच्या एक आजी : नात सातव्या महिन्यात झाली, आता घरी आणली आहे. हॉस्पिटलचे जुने श्वासाचे पट्टे मिळतात म्हणे. तिला बांधून श्वास थांबला की वाजेल असा गजर लावून द्याल का?

आजी, नाही लावून देणार. रागावू नका. झोपतपासणीचे पट्टे रात्रीची नोंद करून सकाळी वाचायला असतात. ‘श्वास थांबल्याचा गजर म्हणून वापरू नये’ असे त्यांच्या कागदावरच सहसा लिहिलेले असते. पट्टा घसरला तर गजर रात्रभर वाजेल, आणि हलणाऱ्या पाळण्याला तो श्वास समजला तर वाजायचा तेव्हा वाजणार नाही. नातीला खरोखर मॉनिटर हवा असेल तर तिचे बालरोगतज्ज्ञ त्याच कामाचा लिहून देतील. तोवर उताणी झोपवा, गादी घट्ट ठेवा, तोंडाजवळ दुपटी-उशा नकोत, आणि रंग निळसर वाटला की गजराची वाट न बघता निघा.

इस्लामपूरहून एक वाचक : घरच्या तपासणीत पट्टा मध्येच बंद पडला, दोनदा पैसे भरले. तक्रार कुठे?

पैशांची तक्रार दवाखान्याकडे किंवा ग्राहक आयोगाकडे. उपकरणाच्या दोषाची वेगळी : त्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया आहे, चालवतो गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णालाही तक्रार करता येते, डॉक्टरच हवा असे नाही. मॉडेल, लॉट नंबर आणि काय झाले एवढे लिहून ठेवा. पट्टा लगेच परत करू नका, आधी त्याच्या शिवणीतल्या चिठ्ठीचा फोटो काढा. लॉट नंबर तिथेच असतो, आणि दोन-चार पेशंटांनंतर तो घामाने पुसला जातो.