बत्तीसचे चाळीस करू नका

प्रश्न : ताई, माझी मुलगी बी.कॉम. होऊन केंद्राच्या भरती परीक्षांची तयारी करतेय. लिहिताना तिची बोटं आखडतात, दीड पानानंतर पेन धरवत नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ३२ टक्के आलेत. चाळीसच्या खाली लेखनिक, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणारा माणूस, मिळत नाही म्हणतात. ओळखीतले एक गृहस्थ पैसे घेऊन टक्के ‘वाढवून’ देतो म्हणतात. काय करू?
— एक आई, परभणी

उत्तर : आधी त्या गृहस्थांना चहा न पाजता वाटेला लावा. २०१६च्या दिव्यांग कायद्याचं कलम ९१ बघा : लबाडीने सवलत लाटली तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अडकेल तुमची लेक. ३२ खरंच कमी वाटत असतील तर त्याच कायद्यात अपील आहे.

पण लेखनिकासाठी तुम्हाला चाळीस हवेत कशाला? ४० टक्के लागतात आरक्षणाला. विकाश कुमार या उमेदवाराला हाच त्रास होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ रोजी जिंकला. मग १० ऑगस्ट २०२२ला केंद्राने चाळीसच्या आतल्यांसाठी नियम काढले. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा. त्यासाठी शासकीय रुग्णालयाचा वेगळा दाखला लागतो : हिला लिहिण्यात अडचण आहे, लेखनिक आवश्यक आहे. परीक्षेच्या जाहिरातीला नमुना जोडलेला असतो, तोच छापून न्या. ‘असा दाखला नसतोच’ हे खिडकीवर ऐकावं लागेल. भाच्याच्या वेळी मी दोनदा ऐकलं. तिसऱ्या खेपेला नियमाची प्रतच पुढे सरकवली, तेव्हा आतून साहेबांना बोलावलं. अर्जात लेखनिकाचा रकाना मात्र विसरू नका.

२०२२च्या नियमांत स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी कमी शिकलेला लागायचा, म्हणजे हिला बारावी झालेला. २०२५ला नियम बदललेत, तेव्हा जाहिरातीत काय लिहिलंय ते बघा. ही पायरी पेपरात नडते. पोलिओमुळे माझा उजवा हात गेलेला, दहावीला शेजारची नववीतली मुलगी लेखनिक. भूमितीत मी ‘थीटा’ म्हटलं आणि ती पेन उचलून माझ्याकडे बघत बसली. बिचारीने ते अक्षर कधी पाहिलंच नव्हतं. डाव्या बोटाने बाकावर गिरवून दाखवायला गेले, तर पर्यवेक्षक धावून आले. तेव्हा जो लेखनिक ठरवाल त्याला महिनाभर आधी घरी बोलवा आणि घड्याळ लावून पाच-सहा जुने पेपर त्याच्याकडूनच लिहून घ्या.