वाचकांचे प्रश्न : मुंबईत तीन दिवस, पण कोणत्या वारी काय?

प्रश्न : इचलकरंजीत आमचा यंत्रमागांचा छोटा कारखाना आहे. जानेवारीत एका शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून तीन दिवसांसाठी मुंबईला येण्याचे ठरवले आहे. रविवारी मुळजी जेठा मार्केटमधील दोन-तीन पेढ्यांवर ग्रे (म्हणजे न धुतलेल्या, न रंगवलेल्या) कापडाचे नमुने दाखवायचे, सोमवारी घारापुरीची लेणी पाहायची, मंगळवारी सकाळी साडेदहाला वांद्रे-कुर्ला संकुलातील बँकेत कर्जाची बैठक आटोपून सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, असा बेत आहे. सोबत पत्नी, मुलगा आणि बाहत्तर वर्षांची आई असेल. मुक्कामासाठी बोरिवलीच्या नातेवाइकांनी आग्रह धरला आहे. या बेतात काही बदल सुचवाल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपण निवडलेल्या ठिकाणांविषयी काहीच तक्रार नाही, चुकले आहेत ते वार. मुळजी जेठा मार्केट रविवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि सिद्धिविनायकाला मंगळवारी जी रांग लागते, तिच्यात आईंना उभे करून रात्रीची गाडी पकडण्याचा धोका मी तरी पत्करणार नाही. लेण्यांची गोष्ट स्वानुभवाची आहे. गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन मी एका सोमवारी गेटवेवर पोहोचलो आणि अखेर बंदरातल्या बोटफेरीवर त्यांची समजूत काढली.

म्हणून रविवार आणि सोमवार यांची अदलाबदल करावी. आपली गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, त्यामुळे मुक्काम तिथल्याच फोर्ट भागात ठेवावा आणि खोली सकाळीच ताब्यात मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे, कारण अनेक ठिकाणी बारापूर्वी खोली देत नाहीत. बोरिवलीहून रोज सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे, म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्याच दिशेने प्रवास करावा लागेल. शिवाय रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचे ब्लॉक असतात, ते वेगळेच. नातेवाइकांचा मान राखायचा, तर त्यांनाच रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बोलवावे. मुंबईकरालाही तिथे येण्यासाठी निमित्त हवेच असते.

रविवारी आंघोळी आटोपून काळ्या-पिवळ्या टॅक्सीने गेटवेला जावे. सकाळची पहिली बोट मिळाली तर गर्दी होण्याआधी लेणी पाहून होतात. बोटीला सुमारे तासभर लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, परंतु पुढे शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. आईंचे गुडघे कुरकुरत असतील, तर पायथ्याशी डोली मिळते. भाव मात्र बसण्याआधी ठरवावा आणि तो जाऊन-येऊनचा आहे ना, हे स्पष्ट विचारावे. त्रिमुखी शिवाची ती भव्य मूर्ती मुख्य लेण्याच्या अगदी आत, अर्धवट अंधारात आहे. उन्हातून आल्यावर डोळे तिथे सरावायला दोन मिनिटे लागतात, म्हणून मुलाला लगेच फोटोच्या मागे लागू देऊ नये. एक सूचना : जानेवारीतला तिसरा रविवार टाळावा. त्या दिवशी मॅरेथॉन असते आणि दक्षिण मुंबईतील अनेक रस्ते सकाळी वाहनांना बंद असतात.

सोमवारी पेढ्यांवर कामकाजाला रंग चढतो तो अकरानंतरच. त्याआधीचा वेळ सिद्धिविनायकासाठी वापरता येईल. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते. तिची स्थानके टर्मिनसजवळही आहेत आणि सिद्धिविनायकालाही, आणि स्थानकांत लिफ्ट असल्याने आईंना जिने चढावे लागणार नाहीत. परतल्यावर मंडळींना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोडून आपण एकट्यानेच बाजारात जावे. काळबादेवीच्या त्या गल्ल्यांत ताग्यांनी लादलेल्या हातगाड्या मागून येतात, ‘बाजू, बाजू’ अशी हाळी कानावर पडेपर्यंत चाक पायाशी आलेले असते, आणि तिथे कुटुंबाला सांभाळत भावाची बोलणी होत नाहीत. प्रत्येक नमुन्यावर पन्ना (कापडाची रुंदी), सुताचा काउंट (त्याच्या जाडी-बारकीचा आकडा) आणि प्रतिइंच धागे लिहिलेली चिठ्ठी टाचून न्यावी. पेढीवर बसलेला माणूस कापड चिमटीत धरून आधी उजेडाकडे नेतो आणि मग चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी नसेल तर आपला नमुना इतरांच्या ढिगात मिसळतो. भावाइतकेच उधारीच्या दिवसांचेही बोलून घ्यावे, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

मंगळवार बैठकीसाठी मोकळा राहिला. वांद्रे-कुर्ला संकुल हा पत्ता नव्हे. कोणता ब्लॉक, कोणती इमारत आणि कोणते प्रवेशद्वार, हे बँकेकडून आधीच लिहून घ्यावे. मेट्रो टर्मिनसजवळून थेट तिथे जाते, तरीही नऊ वाजता निघालेले बरे, कारण स्थानकाबाहेर चालणे आहे आणि इमारतीच्या दारात ओळखपत्र दाखवून, फोटो काढून पास मिळेपर्यंत पाव तास सहज जातो. रिक्षा या भागात मिळते, पण ती वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला येत नाही. तेव्हा रिक्षाने थेट फोर्टला परतू, असा हिशेब धरू नये.

परतीचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, ते त्याच दिवशी करावे आणि आईंसाठी खालचा बर्थ मागावा. मंगळवारी सकाळी खोली सोडल्यावर सामान हॉटेलात ठेवून घेतात का, हे विचारावे. नाही म्हणाले, तर टर्मिनसवर क्लोकरूम आहे, मात्र तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. नमुन्यांची कापडी पिशवी त्यासाठी चालणार नाही, ती रिकामी करून बॅगेतच घालावी.