भिंतीत ग्लासवूल भरलं की आवाज थांबतो का?

प्रश्न: आमच्या दोन खोल्यांच्या मधे जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आहे, टकटक केलं की पोकळ वाजतं. पलीकडे टीव्ही लागला की अलीकडे मुलीचा अभ्यास बंद. आधी थर्माकोल चिकटवून बघितला, मग ते अंड्याच्या ट्रेसारखे दिसणारे फोमचे चौकोन लावले, काही म्हणजे काही फरक नाही. आता सुतार म्हणतोय एक बाजू उघडून आत ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर, भरू. उपयोग होतो का, की परत पैसे पाण्यात?

उत्तर: होतो. पण आधी फोमचं सांगते, कारण तिथे जवळपास सगळेच फसतात. फोम ज्या खोलीत लावलाय त्याच खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, पलीकडचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फोमला वजनच नाही. थर्माकोल उष्णता अडवतो म्हणून लोकांना वाटतं आवाजही अडवेल, पण तो हलका आणि वर कडक, त्यामुळे दोन्हीकडून गेला.

सुतार भिंत उघडायच्या आधी एक करा. रात्री मुलीच्या खोलीतला दिवा बंद करा, पलीकडचा चालू ठेवा आणि दार लावून अंधारात पाच मिनिटं बसा. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज येतोय. बहुतेक दाराखालून दिसेलच. दाराखाली एक सेंटीमीटर फट असेल ना, तर ती दहा चौरस मीटरच्या भिंतीचा साधारण हजारावा भाग होते, आणि तेवढ्या फटीनेसुद्धा भिंत कितीही भारी करा, एकूण आवाज 30 डेसिबलच्या आसपासच कमी होतो, त्यापुढे नाही. म्हणून आधी दाराला रबरी पट्टी, खाली ब्रश किंवा सील, आणि बोर्डाच्या कडेने न कडकणारा, लवचिक राहणारा सीलंट. दोन्ही बाजूचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असतील तर तिथे कान लावून बघा, टीव्हीतला माणूस तुमच्याशीच बोलतोय असं वाटेल! आणि फॉल्स सीलिंग असेल तर पार्टिशन वर स्लॅबपर्यंत गेलंय का तेही तपासा, नाहीतर आवाज वरून उडी मारून येतो.

हे झालं की मग वूल. पोकळ पार्टिशन म्हणजे ढोलकीच, एका बाजूचा बोर्ड थरथरला की आतली हवा स्प्रिंगसारखी दुसऱ्याला थरथरवते, वूलच्या तंतूंमधे ही हवा घासून तिचा जोर मरतो. सांगाडा पत्र्याच्या सेक्शनचा असेल तर चांगला फरक पडतो, लाकडी असेल आणि दोन्ही बोर्ड त्याच लाकडावर ठोकलेले असतील तर आवाज लाकडातूनच पलीकडे जातो आणि वूल बिचारं बघत बसतं. 50 मिलीमीटरचं ग्लासवूल किंवा रॉकवूल (तसंच, पण दगडाच्या तंतूंचं) पुरे, पण पोकळी त्याहून कमी असेल तर पातळ घ्या, दाबून कोंबू नका. भिंत उघडलीच आहे तर बंद करताना त्या बाजूला आणखी एक बोर्ड चढवून घ्या, सांधे एकमेकांवर येऊ देऊ नका, माझ्या मते वूलइतकंच काम हा दुसरा बोर्ड करतो. ढोबळमानाने 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, फटी, वूल आणि जादा बोर्ड मिळून तेवढं साधायला हरकत नाही. टीव्हीतली बोलणी बरीच दबतील, पण गाण्यातला धमधम बेस येतच राहील, तो याने थांबायचा नाही. आणि हो, वूल हाताळताना ग्लोव्हज, मास्क, पूर्ण बाह्या, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

प्रश्न: वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवतात, आम्ही छताला वूल लावू का?

उत्तर: तो आवाज स्लॅबमधूनच येतो हो, खालून कितीही लावलं तरी थोडाच फरक. वरच्यांना गोड बोलून खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावायला सांगा, वाटल्यास तुम्हीच आणून द्या.