संशयित, आरोपी, मारेकरी, 'कथित': बातमीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आला आहे: एकाच बातमीत एकाच माणसाला मथळ्यात 'मारेकरी', पहिल्या परिच्छेदात 'संशयित' आणि शेवटच्या परिच्छेदात 'आरोपी' म्हटलेले असते. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि 'कथित' हा शब्द नेमका कशाला लावायचा?

एकाच अर्थाचे नाहीत. प्रत्येक शब्दाची वेळ ठरलेली आहे, आणि ती वेळ पोलीस ठाण्यातल्या व न्यायालयातल्या कागदावरून ठरते. पण नुसती नामे नीट निवडून काम भागत नाही. मराठीत माणसाला दोषी ठरवण्याचे काम नामापेक्षा क्रियापदाचे रूप अधिक करते, आणि तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. म्हणून आधी शब्द, मग वाक्य.

'संशयित' या शब्दाला कायद्यात स्वतंत्र व्याख्या नाही. तरी तो निव्वळ पत्रकारांनी घडवलेला शब्दही नाही. प्रथम खबर अहवालाच्या छापील नमुन्यात माहीत असलेल्या, संशयित किंवा अनोळखी आरोपीचा तपशील लिहायचा एक रकाना असतो. 'संशयित आरोपी' हा जोडशब्द तिथला. पोलिसांनी एखाद्यावर संशय असल्याचे सांगितले आहे, पण गुन्ह्यात त्याचे नाव अजून लागलेले नाही, अशा अवस्थेला 'संशयित' बरोबर बसतो. पोलिसांनी कुणाला नुसते प्रश्न विचारायला बोलावले असेल तर तेवढेही म्हणू नये. 'अमुक व्यक्तीकडे चौकशी केली' इतकेच लिहावे, कारण शेजारी, नातेवाईक, साक्षीदार अशा सगळ्यांनाच बोलावले जाते. 'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली' याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटक झाली की नोंद होते, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्या माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच ते आहे. वार्ताहराला अटकेची नोंद झाल्याची खात्री नसेल तर 'ताब्यात' लिहावे.

फिर्यादीत नाव आले किंवा अटक झाली की 'आरोपी' म्हणायला हरकत नाही. दोषारोपपत्र दाखल झाले, न्यायालयाने आरोप निश्चित केले, साक्षी झाल्या, तरी तो माणूस निकालापर्यंत आरोपीच असतो. या शब्दावर अधूनमधून आक्षेप येतो की आरोप करणारा तो आरोपी, ज्याच्यावर आरोप झाला तो 'आरोपित'. हिंदीतली काही वृत्तपत्रे त्यामुळे 'आरोपित' लिहितातही. मराठीत मात्र 'आरोपी'चा अर्थ न्यायालयापासून चावडीपर्यंत पक्का झालेला आहे, आणि आरोप करणाऱ्यासाठी 'फिर्यादी', 'तक्रारदार' हे शब्द आपल्याकडे आहेत. तो वाद मराठीत आणायचे कारण दिसत नाही. फिर्यादी म्हणजे पीडित असेही मानू नये. खुनाच्या गुन्ह्यात फिर्यादी बहुधा नातेवाईक असतो, पुष्कळदा पोलीस हवालदारही असतो.

'दोषी' आणि 'गुन्हेगार' हे शब्द दोषसिद्धीनंतरचे. 'गुन्हेगार' फारसीतून आला. मूळ 'गुनाह'मध्ये पापाची छटा आहे, ती मराठीत आल्यावरही पूर्ण पुसली गेली नाही, म्हणून हा शब्द जास्त लागतो. 'रेकॉर्डवरील गुन्हेगार' आणि 'सराईत गुन्हेगार' हे पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातले ठेवणीतले शब्द बातमीत जसेच्या तसे उतरतात, तिथे थांबायला हवे. रेकॉर्डवर असणे म्हणजे पूर्वी गुन्हे दाखल झालेले असणे. त्यांतल्या एकातही शिक्षा झालेली नसू शकते. 'तडीपार' हाही शिक्षेचा शब्द वाटतो, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खालची हद्दपारी ही प्रशासकीय कारवाई आहे, तिला आधी दोषसिद्धी लागत नाही. कलम ५७ खालच्या हद्दपारीला लागते. बातमीत कलम दिले तर हा फरक आपोआप कळतो.

'फरार'बद्दलही एक सूचना. पोलीस पोहोचले तेव्हा माणूस घरी नव्हता, एवढ्यावर 'फरार' किंवा 'पसार' लिहिले जाते. न्यायालयाने फरारी घोषित करण्याची स्वतंत्र प्रक्रिया आहे. ती झालेली नसेल तर 'पोलीस शोध घेत आहेत' हे खरे आणि पुरेसे वाक्य आहे.

आता 'मारेकरी'. हा शब्द मुळात चुकीचा नाही. भररस्त्यात गोळ्या घालून कुणाला मारले असेल तर 'मारेकरी दुचाकीवरून आले होते' हे वाक्य निर्दोष आहे. मारणारा कुणीतरी होता हे नक्की, तो कोण हे माहीत नाही. त्याच शब्दाला नाव, छायाचित्र किंवा 'अटकेत' जोडले की तो निकाल होतो. 'मारेकरी अटकेत' म्हणजे अटक झालेलाच मारेकरी, हे वृत्तपत्राने ठरवून टाकले. 'हल्लेखोर', 'चोरटे', 'दरोडेखोर' यांनाही हेच लागू आहे: अनोळखी असेपर्यंत चालतील, ओळख पटवली गेली की 'आरोपी'. 'नराधम', 'हैवान' यांना कोणत्याच टप्प्यावर बातमीत जागा नाही. त्या शब्दांनी नवी माहिती काही मिळत नाही.

आता वाक्याकडे. हा मथळा पाहा: 'पत्नीचा खून करणाऱ्या पतीला अटक'. इथे 'आरोपी' शब्द घालून 'पत्नीचा खून करणाऱ्या आरोपी पतीला अटक' असे केले तरी फरक पडत नाही. 'करणाऱ्या' या धातुसाधित विशेषणाने खून त्यानेच केल्याचे गृहीत धरले, आणि पुढचा 'आरोपी' निकामी झाला. मुख्य क्रियापदावर शंका घेता येते, पण विशेषणात घातलेली कृती वाचणारा ठरलेली गोष्ट म्हणूनच घेतो. 'पैसे लुबाडणारा अधिकारी निलंबित', 'छेड काढणाऱ्या शिक्षकावर गुन्हा' ही सगळी याच साच्यातली वाक्ये. उपाय सोपा आहे: कृतीचे नाम करा आणि 'प्रकरणी' जोडा. 'पत्नीच्या खूनप्रकरणी पतीला अटक'. शब्द एकाने कमी झाला, म्हणजे जागा पुरत नाही ही सबबही उरत नाही.

'केल्या'ची रूपे तर फारच जपून वापरावी लागतात. 'फसवणूक केल्याचा आरोप', 'फसवणूक केल्याच्या संशयावरून' ही रूपे सुरक्षित, कारण 'आरोप' आणि 'संशय' त्या कृतीला आपल्या ताब्यात ठेवतात. 'फसवणूक केल्याबद्दल अटक', 'फसवणूक केल्याने अटक' ही रूपे निवाडा करतात. कारण दिले म्हणजे ते घडले असे मराठी वाचकाला वाटणारच. 'केल्याप्रकरणी' अधांतरी आहे. ते इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणवत नाही, पण 'विनयभंग केल्याप्रकरणी' ऐवजी 'विनयभंगप्रकरणी' लिहिणे केव्हाही बरे.

काही क्रियापदे स्वतःच्या अंगाने खरेपणा घेऊन येतात: उघडकीस आले, निष्पन्न झाले, स्पष्ट झाले, समोर आले, पर्दाफाश झाला. 'पोलीस तपासात निष्पन्न झाले' असे लिहिले की 'पोलीस' मागे पडतात आणि 'निष्पन्न' लक्षात राहते. त्या जागी 'पोलिसांचे म्हणणे आहे', 'फिर्यादीत म्हटले आहे', 'सरकारी वकिलांनी न्यायालयाला सांगितले' अशी सांगणाऱ्याचे नाव घेणारी क्रियापदे वापरावीत. 'गुन्ह्याची कबुली दिली' हे त्यांतले सर्वांत घातक वाक्य आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. अपवाद आहे तो त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्या भागाचा. दंडाधिकाऱ्यांपुढे रीतसर नोंदवलेल्या कबुलीजबाबाची गोष्ट निराळी. वाचकाला हे कायदे माहीत नसतात. त्याने 'कबुली' वाचली की त्याच्यापुरता खटला संपतो, आणि पुढे निर्दोष मुक्तता झाली तर न्यायालयाने गुन्हेगार सोडला अशी त्याची समजूत होते.

'कथित'चा मूळ अर्थ 'सांगितलेले' एवढाच. बोलीत ऐकीव गोष्टीसाठी आपल्याकडे 'म्हणे' आहे: 'त्याने म्हणे पैसे घेतले'. पण 'म्हणे'त अविश्वास किंवा कुचाळकी डोकावते, त्यामुळे ते छापील बातमीत चालत नाही आणि ती जागा 'कथित'ने घेतली. नियम एकच: जी गोष्ट अजून सिद्ध व्हायची आहे तिलाच 'कथित' लावायचे. 'कथित गैरव्यवहार', 'कथित लाच' बरोबर. 'कथित आरोपी' चूक, कारण त्याच्यावर आरोप आहे हे तर नक्कीच आहे. 'कथित आरोप'ही चूक, आरोप प्रत्यक्ष झालेला आहे. 'कथित मृत्यू' हास्यास्पद. मृत्यू झाला आहे, 'कथित' असेल तर खून. आणि 'तथाकथित' हा त्याचा समानार्थी नव्हे. 'तथाकथित समाजसेवक' म्हणजे स्वतःला तसे म्हणवून घेतो पण नाही. त्यात हेटाळणी आहे. बातमीत 'कथित'च्या जागी 'तथाकथित' पडले तर अर्थ उलटू शकतो: 'तथाकथित बलात्कार' म्हणजे बलात्कार झालाच नाही असे वार्ताहर सुचवतो आहे.

'कथित' लिहिले की कायद्यातून सुटलो, हा गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. बदनामीचा मजकूर आडवळणाने किंवा उपरोधाने लिहिला तरी तो बदनामीच ठरू शकतो, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात आहे. दुसऱ्याने सांगितले ते छापले, हाही बचाव नव्हे. मराठी पत्रकारितेने हे फार लवकर अनुभवले: कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धचा मजकूर ज्या पत्रांच्या आधारे छापला ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. त्याउलट न्यायालयाच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त देण्याला त्याच कलमात संरक्षण आहे. म्हणून 'न्यायालयात सादर केलेल्या दोषारोपपत्रानुसार' ही शब्दयोजना 'कथित'पेक्षा भक्कम आहे.

निकालानंतरचे शब्दही सैल वापरले जातात. साक्षीपुरावे होण्याआधीच, आरोप निश्चित करण्याइतका आधार नाही म्हणून न्यायालयाने सोडले तर 'आरोपमुक्त'. खटला पूर्ण चालून सोडले तर 'निर्दोष मुक्तता'. 'दोषमुक्त' दोन्हींसाठी वापरले जाते, म्हणून ते टाळलेले बरे. जामीन म्हणजे सुटका नव्हे, आणि निर्दोषत्व तर नव्हेच. न्यायालयाने निकालात म्हटले नसेल तर 'पुराव्याअभावी' हा शब्द आपल्या पदरचा घालू नये. पोलिसांनी न्यायालयात 'बी समरी' अहवाल दिला तर त्याचा अर्थ तक्रार खोटी व द्वेषबुद्धीने केलेली, 'सी समरी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली, आणि 'ए समरी' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. तिघांनाही 'प्रकरण बंद' म्हटले की हा सगळा अर्थ हरवतो.

शब्द निकालाबरोबर बदलायला हवेत, मग कितीही वर्षांनी बदलोत. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांमधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांतला एक जण त्याआधीच तुरुंगात मरण पावला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने, या निकालाचा इतर खटल्यांत दाखला घेऊ नये, एवढीच स्थगिती दिली, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. म्हणजे आज त्यांच्याविषयी लिहिताना 'उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलेले' हेच बरोबर. पण २००६ चे मथळे संकेतस्थळांवर जसेच्या तसे आहेत, आणि नाव शोधले की तेच आधी समोर येतात. जुन्या मजकुराच्या वर निकालाची एक तारखेसह ओळ जोडणे हे संपादकीय विभागाचे पाच मिनिटांचे काम आहे. ते व्हायलाच हवे.

सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणातल्या वार्तांकनावरच्या याचिकांत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिलेला निकाल प्रत्येक वृत्तकक्षात वाचला जावा. तपास चालू असताना साक्षीदारांच्या मुलाखती, कबुलीजबाब पुरावाच असल्यासारखा छापणे, गुन्ह्याचे नाट्यरूपांतर, ओळख पटेल अशी आरोपीची छायाचित्रे, हे सगळे टाळायला न्यायालयाने सांगितले. छायाचित्राचे कारण व्यवहारातले आहे: ओळखपरेडीआधीच साक्षीदाराने चेहरा वाहिनीवर पाहिला असेल तर त्या ओळखीला बचाव पक्ष हरकत घेतो, आणि खरा आरोपीही त्यातून सुटू शकतो.

वय १८ खाली असेल तर 'अल्पवयीन आरोपी', 'बाल गुन्हेगार' हे दोन्ही शब्द सोडावेत. कायद्याची संज्ञा 'विधिसंघर्षग्रस्त बालक' अशी आहे. मथळ्यासाठी ती जड आहे हे मान्य, तिथे 'अल्पवयीन मुलगा ताब्यात' चालेल. नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र यांतले काहीही देता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'अमुक गावच्या सरपंचाचा मुलगा' असे लिहिणे हे नाव देण्यासारखेच आहे.

लेखनाबद्दल शेवटचे: 'संशयित' आणि 'कथित' यांत 'इत' प्रत्यय आहे, म्हणून 'यि' आणि 'थि' ऱ्हस्व, 'संशयीत' चूक. 'कथित' लिंगवचनाने बदलत नाही. 'आरोपी'चे अनेकवचन 'आरोपी'च, आणि विभक्तीत 'आरोपींना', 'आरोपींनी', 'आरोप्यांना' नव्हे.